कुत्र्या-मांजराच्या घरात ससा: आणण्याआधीपासून रुळेपर्यंत

घरात आधीच कुत्रा किंवा मांजर असलेली माणसं ससा आणायचं म्हटलं की पहिल्यांदा विचारतात, ‘ते त्याला मारणार तर नाहीत ना?’ प्रश्न रास्त आहे. पण कुणी दातही न लावता ससा दगावू शकतो. दिवसभर भुंकणं ऐकत कोपऱ्यात अंग चोरून बसलेला ससा खाणं कमी करतो. खाणं कमी झालं की आतडं मंदावतं, पोटात वायू धरतो, पोट दुखायला लागतं, दुखतंय म्हणून तो आणखी खात नाही, आणि एक-दोन दिवसांत प्रकरण जिवावर बेततं. म्हणून मी एकच कसोटी धरते: बाकीचे प्राणी जवळपास असताना ससा निवांत गवत खातो का आणि मागचे पाय पसरून आडवा होतो का? तसं होत असेल तर घडी बसली. होत नसेल तर सगळे कितीही ‘शांत’ दिसोत, काम अजून बाकी आहे.

माझ्या घरी तांबू हा तांबूस रंगाचा ससा, काळू हा कुत्रा आणि चिमी ही मांजर आहे. तिघं एका खोलीत निर्धास्त बसायला साडेचार महिने लागले. मध्ये एकदा मी घाई केली आणि त्रास तांबूला झाला. ते पुढे येईलच.

आधी ससा समजून घ्या

मराठीत आपण रानात धावणाऱ्यालाही ससा म्हणतो आणि घरातल्यालाही. प्रत्यक्षात हे दोन वेगळे प्राणी आहेत. घरचा ससा युरोपातल्या, जमिनीत बिळं खणून वसाहतीने राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. त्याची पिल्लं बिळात जन्मतात. तेव्हा अंगावर केस नसतात आणि डोळे मिटलेले असतात. रानससा उघड्यावर राहतो, त्याची पिल्लं केसांसकट आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात. रानात सापडलेलं पिल्लू घरी आणून पाळायला जाऊ नका, माणसाच्या हाताळण्याच्या ताणानेच ते अनेकदा मरतं.

हे सांगायचं कारण म्हणजे बीळ. धोका जाणवला की सशाला दोन गोष्टी सुचतात, जागच्या जागी थिजणं किंवा बिळाकडे धूम ठोकणं. घरात पळून शिरायला जागाच नसेल तर तो थिजून बसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, ‘किती धीट आहे, कुत्र्याला अजिबात घाबरत नाही.’ थिजलेला ससा ओळखायला शिका. डोळे मोठे झालेले, कान पाठीला घट्ट चिकटलेले, अंग आक्रसलेलं, आणि नाक एक तर अगदी भराभर हलतं किंवा हलायचंच थांबतं. निवांत सशाचं नाक संथपणे हलत असतं.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मागचं-पुढचं, वरचं जवळजवळ सगळं त्याला दिसतं. दिसत नाही ती नेमकी नाकासमोरची लहानशी जागा. आता कुत्रा ओळख कशी करून घेतो ते आठवा: सरळ समोरून येऊन नाकाला नाक लावतो. कुत्र्याच्या दृष्टीने हा अगदी प्रेमाचा नमस्कार असतो, पण सशाच्या दृष्टीने एक मोठं थोबाड अचानक दिसेनासं होऊन तोंडावर येतं. ओळख करून देताना कुत्र्याला सशाच्या बाजूने आणू द्या, समोरून नको.

मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटणं ही धोक्याची सूचना. हवेत उडी घेऊन अंगाला पीळ देणं म्हणजे आनंद. दातांचा अगदी हलका घासल्यासारखा आवाज कुरवाळताना आला तर तो खूश आहे. तेच दात मोठ्याने करकरत असतील, अंगाचं मुटकुळं करून बसला असेल, तर त्याला दुखतंय.

आणावा की नाही

चांगला सांभाळला तर ससा 8 ते 12 वर्षं जगतो. म्हणजे आज आणलेल्या सशाला तुमच्या आत्ताच्या कुत्र्याबरोबर आणि कदाचित त्याच्या नंतरच्या कुत्र्याबरोबरही राहायचं आहे.

कुत्र्याची परीक्षा ससा यायच्या आधी घ्या. फिरायला नेल्यावर त्याला मांजर किंवा खार दिसते तेव्हा तुम्ही एकदा नाव घ्या आणि मनात आकडे मोजा. दोन-तीन आकड्यांत मान तुमच्याकडे वळली तर हा कुत्रा शिकवण्याजोगा आहे. तिसऱ्यांदा हाक मारूनही त्याला तुम्ही ऐकूच येत नसाल, अंग ताठ, नजर एका जागी रुतलेली, तर आधी त्याच्यावर काही महिने मेहनत घ्या. ‘बस’, ‘थांब’ आणि ‘सोड’ हे तीन शब्द त्याला पक्के समजले पाहिजेत, ससा दिसत नसतानाही आणि समोर असतानाही. टेरियर, ग्रेहाउंड, बीगल या जाती माणसाने पिढ्यान्‌पिढ्या लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी घडवल्या. त्यातला एखादा अगदी मऊ स्वभावाचा निघतो, पण त्याच्यावर जास्त वेळ जाईल हे धरून चाला. ज्या कुत्र्याने पूर्वी एखादा लहान प्राणी मारला आहे, त्याच्या घरात मी ससा आणणार नाही. इथे मी कुणाच्याही आशावादाशी सहमत होत नाही.

कुत्रे दोन असतील तर ओळख एकेकाची वेगळी करून द्या. एकटा असताना शहाण्यासारखा वागणारा कुत्रा दुसऱ्याच्या जोडीने टोळीसारखा वागू लागतो.

ससा निवडताना पूर्ण वाढलेला निवडा. एक किलोपेक्षा कमी वजनाचं पिल्लू मांजराच्या नजरेत उंदरापेक्षा फार वेगळं नसतं. दोन-तीन किलोचा, आपल्या जागेवर ठाम बसणारा ससा पाहिला की बरीच मांजरं स्वतःच चार पावलं मागे सरतात. पिल्लूच आणणार असाल तर ते आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपाशी राहिलेलं असावं.

नसबंदीबद्दल दोन गोष्टी. नसबंदी न केलेला ससा हद्दीसाठी भांडतो, जागोजागी लघवीचे फवारे उडवतो, मांजराच्या पाठीवर चढतो आणि चावतोही. मादीच्या बाबतीत तर हा तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे, कारण वयाच्या चौथ्या वर्षानंतर गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं आहे. सशांचा अनुभव असलेला पशुवैद्य ससा घरी यायच्या आधीच शोधून ठेवा. कुत्र्यांचे उत्तम डॉक्टर सशांच्या औषधांत चुकू शकतात.

जागा: खालचा मजला सशाचा, वरचा मांजराचा

घरातली एक शांत खोली किंवा खोलीचा कोपरा सशाला द्या, आणि त्या जागेत कुत्र्याने कधीच पाऊल टाकायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. ब्रिटनमधली ‘रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड’ ही संस्था दोन सशांसाठी किमान 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच अशी, सतत खुली असणारी जागा सुचवते. दुकानात मिळणारा छोटा पिंजरा यात बसत नाही. पिंजऱ्याचा दोष नुसता आकाराचा नाही. कुत्रा चहूबाजूंनी फिरून हुंगतो आणि सशाला पळता येत नाही. त्यापेक्षा जाळीचं कुंपण बरं. उंची 90 सेंटिमीटर तरी हवी, उंच कुत्र्यासाठी त्याहून जास्त, आणि गजांमधलं अंतर अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. मांजर असेल तर वरूनही झाकायला लागतं.

आत किमान दोन लपण्याच्या जागा असाव्यात आणि प्रत्येकीला दोन तोंडं असावीत. एकाच तोंडाचं खोकं म्हणजे सापळा. मांजर दाराशी बसलं की ससा आत अडकला. पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांना समोरासमोर भोकं पाडली तरी काम होतं. भोक सशाच्या खांद्यांपेक्षा थोडंसंच मोठं ठेवा, म्हणजे मोठ्या कुत्र्याचं डोकं आत जात नाही.

सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. गुळगुळीत फरशीवर तो घसरतो आणि जाळीच्या तळावर त्याच्या टाचांना जखमा होतात. चटई किंवा सतरंजी अंथरा, तीही कुत्र्यापासून पळताना न सरकणारी.

मांजरासाठी उलटी सोय लागते. तिला उंच फळ्या, कपाटाची वरची जागा, खिडकीची कड मोकळी करून द्या. ती वर आणि ससा खाली, अशी घराची वाटणी झाली की निम्मे तंटे आपोआप मिटतात. माझ्याकडे चिमीची फळी तांबूच्या कुंपणापासून हात-दीड हात बाजूला आहे. मुद्दाम, कारण बरोबर डोक्यावर बसलेलं मांजर सशाला घारीसारखं वाटतं.

वायरी कुंपणाबाहेर न्या किंवा नळीत घाला. ससा वायर कुरतडतो ते दात सतत वाढत असतात म्हणून. रागावून उपयोग नाही. ऊनही बघा. सशाला 15 ते 21 अंश सेल्सियस तापमान मानवतं. त्याला घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर पडते, आणि 28 अंशांच्या वर उष्माघाताची भीती सुरू होते. घाबरून पळापळ झालेल्या सशाला ही उष्णता आणखी लवकर बाधते.

पहिले दोन आठवडे: भेट नाही, नुसता वास

पहिले तीन-चार दिवस सशाचं दार बंद. त्याने नीट खावं, नेहमीसारख्या टपोऱ्या, कोरड्या, गोल लेंड्या टाकाव्यात, एवढीच अपेक्षा. मग कापडांची अदलाबदल सुरू करा. कुत्र्याच्या अंथरुणावरचं फडकं सशाच्या खोलीत ठेवा, त्याच्या गवताजवळ नाही, दूरच्या कोपऱ्यात. सशाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं कुत्र्याला हुंगायला द्या आणि तो हुंगून बाजूला झाला की खाऊ द्या. फडकं धरून झटके मारायला लागला तर शांतपणे काढून घ्या, खाऊ नाही.

सुरुवातीला तांबूने काळूच्या फडक्याकडे पाहून पाय आपटला. चौथ्या दिवशी हनुवटी घासली. सशाच्या हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात. हनुवटी घासणं म्हणजे ‘हे माझं’ अशी खूण करणं. मला तेव्हा हायसं वाटलं, कारण घाबरलेला ससा वस्तूवर हक्क सांगत नाही.

या दिवसांत कुत्र्याचं फिरणं, जेवणाच्या वेळा, तुमच्याजवळ बसणं यातलं काहीही कमी करू नका. आणि कुत्र्याला हाताळून आलात की सशाला उचलण्याआधी हात धुवा.

जाळीआडून ओळख

आता दोघं एकमेकांना पाहतील, पण मध्ये पक्कं कुंपण. दारात बेबी गेट (लहान मुलांना अडवायला लावतात ते बुटकं फाटक) आणि त्याच्या आत सशाचं कुंपण, असे दोन अडथळे ठेवले तर उत्तम. कुत्र्याला आधी लांबवर चालवून आणा. चेंडूमागे पळवू नका. पाठलागाच्या खेळाने तो थकत नाही, पेटतो. वेळ दुपारची निवडा, कारण ससा पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत चपळ असतो, आणि पळणारा ससा दिसला की कुत्र्याचं भान सुटतं.

कुत्रा पट्ट्याला बांधलेला, तुमच्याजवळ, कुंपणापासून दोन-तीन मीटरवर बसलेला हवा. ससा आपल्या जागेत मोकळा. पाच मिनिटं पुरे. कुत्र्याने सशाकडे पाहिलं आणि स्वतःहून नजर वळवली की लगेच शाबासकी आणि खाऊ. आपल्याला हेच शिकवायचं आहे: ससा दिसला की माणसाकडे पाहायचं. अंग सैल, जीभ बाहेर, जमीन हुंगणं, जांभई देऊन आडवं होणं, ही चांगली लक्षणं. तोंड मिटून ताठ उभं राहणं, पापणी न हलवता रोखून बघणं, बारीक कण्हणं, अंगाची थरथर दिसली तर अंतर वाढवा. गुरगुरणाऱ्या कुत्र्यापेक्षा मला हा गप्प, रोखून पाहणारा कुत्रा जास्त धोक्याचा वाटतो. शिकारीच्या आधीचं मौन असतं ते.

सशाला हातात धरून कुत्र्याला दाखवू नका. ही चूक फार होते. उंचावर धरलेली वस्तू म्हणजे कुत्र्याला उडी मारून घ्यायची वस्तू, आणि हातात जखडलेला ससा घाबरून मागच्या पायांनी इतक्या जोराने झटका देतो की त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो.

दिवसातून दोनदा, रोज. अंतर कधी कमी करायचं ते सशाने ठरवायचं. कुत्रा समोर असताना त्याने गवत खायला सुरुवात केली की पुढच्या दिवशी एक पाऊल जवळ. कान पाडून बसला तर आज आहे तिथेच.

माझी चूक इथेच झाली. तिसऱ्या आठवड्यात सगळं इतकं छान चाललं होतं की एका संध्याकाळी मी काळूला बांधायचा कंटाळा केला. तांबू अचानक उडी मारून वळला, काळूने झेप घेतली आणि गेट आडवं झालं. आतल्या कुंपणाने काळूला अडवलं, तांबूला ओरखडाही आला नाही. मी सुटकेचा श्वास टाकला. पण रात्री दहाला त्याच्या शी-लघवीच्या ट्रेमध्ये पाहिलं तर लेंड्या मोजून सात, एरवीच्या निम्म्या आकाराच्या, आणि दोन केसांच्या माळेत अडकलेल्या. गवताची पेंढी सकाळी ठेवली तशीच. आवडीची कोथिंबीर नाकाशी धरली तर त्याने तोंड फिरवलं. त्याच रात्री डॉक्टरांकडे नेला, वेदनाशामक आणि सलाइन दिलं, पिचकारीने पातळ खाद्य भरवलं. पहाटे चारच्या सुमाराला त्याने एक काडी ओढून चघळली. तो कर्रकर्र आवाज मला अजून लख्ख आठवतो. त्यानंतर ओळख पुन्हा वासापासून सुरू केली.

एकाच खोलीत

जाळीआडच्या भेटी सलग दोन-तीन आठवडे निर्विघ्न झाल्या की मगच. दोन मोठी माणसं हवीत, एक कुत्र्याजवळ, एक सशाजवळ. कुत्रा पट्ट्याला आणि ‘बस’ किंवा आडव्या स्थितीत. कुत्र्याला मुसकं घालायचं असेल तर त्याची सवय आधी काही दिवस वेगळी करा. ससा त्याच्या कुंपणातून स्वतःच्या मर्जीने बाहेर येईल. त्याला बाहेर काढून ठेवायचं नाही. परतीची वाट मोकळी हवी. जवळ येऊन हुंगलं तर हुंगू दे, कुत्र्याने तोंड पुढे आणलं तर त्याचं नाव घ्या. पहिल्या भेटीत तीन मिनिटं झाली की चांगलं चाललेलं असतानाच थांबवा.

हळूहळू वेळ वाढतो, पट्टा सैल होतो, मग जमिनीवर लोळत राहतो, मग निघतो. यात महिने जातात. एक गोष्ट मात्र कधीच बदलत नाही: समोर माणूस नसताना ससा आणि कुत्रा एका खोलीत नाहीत. पाच मिनिटांसाठीही नाहीत, दाराची घंटा वाजली तरी नाहीत. खेळाच्या भरात टाकलेला एक पंजाही सशाच्या नाजूक हाडांना पुरतो.

मांजराची गोष्ट निराळी

पायऱ्या त्याच, पण मांजर पट्ट्यात राहत नाही आणि अडथळ्यांना जुमानत नाही. भेटीआधी तिची नखं कापा, पोटभर जेवू घाला, काठीला बांधलेल्या पिसाशी तिला दहा मिनिटं खेळवून तिची शिकारीची हौस भागवा. ती दबून बसली, शेपटीचं टोक फक्त हलतंय, डोळ्यांच्या बाहुल्या रुंद झाल्या आणि मागचा भाग डुलायला लागला, तर पुढच्या क्षणी झेप आहे. मध्ये एखादी उशी सरकवा, ओरडू नका. ओरडल्याने ससा घाबरतो, मांजर नाही.

मोठ्या मांजराचं आणि मोठ्या सशाचं खरंच जमतं. चिमी आता तांबूच्या पाठीला टेकून झोपते. तांबू डोकं जमिनीला लावून पुढे करतो, म्हणजे ‘मला चाट’ असं सांगतो, आणि ती चाटतेही. पण चाटता चाटता मान पकडायला लागली की मी उठवते. शेवटी ते मांजराचेच दात आहेत.

बाकीचे सोबती

गिनी पिग आणि ससा एकत्र ठेवायची जुनी पद्धत सोडून द्या. सशाची एक लाथ गिनी पिगला जायबंदी करते, शिवाय सशाच्या श्वसनमार्गात स्वतःला त्रास न देता राहणारे बॉर्डेटेला जिवाणू गिनी पिगला न्यूमोनिया करतात. खाणंही वेगळं, कारण गिनी पिगला ‘क’ जीवनसत्त्व बाहेरून लागतं आणि ससा ते स्वतःच्या शरीरात तयार करतो.

फेरेट (मुंगसासारखा लांबट शिकारी प्राणी) तर मुळातच सशांच्या बिळात सोडायला पाळला गेला. तो घरात असेल तर ससा नको, नुसत्या वासानेही ससा सुकतो. मोकळा सोडलेला पोपट सशाच्या कानाला चावू शकतो. मासे असतील तर प्रश्नच नाही.

सशाला खरी सोबत सशाचीच. कुत्रा-मांजर त्याच्याशी कितीही गोड वागले तरी ते त्याची भाषा बोलत नाहीत. नसबंदी केलेल्या नर-मादीची जोडी सर्वांत सोपी जमते, पण नराच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे थांबा, तोवर तो प्रजननक्षम राहू शकतो. मादीची गर्भावस्था जेमतेम महिनाभराची असते आणि व्याल्यावर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून हे सहा आठवडे अगदी काटेकोर पाळा.

खाणं आणि ट्रे: सगळ्यांचं वेगळं

सशाच्या आहारातला सुमारे 80 टक्के भाग वाळलेलं गवत, सोबत ताजा पाला, आणि दाणेदार खाद्य दर किलो वजनामागे दिवसाला 25 ग्रॅमच्या आत. कुत्र्या-मांजराचं खाद्य त्याला आवडतं, हाच त्रास आहे. त्यातली चरबी आणि प्रथिनं त्याच्या आतड्याला झेपत नाहीत. मांजराची वाटी वरच्या फळीवर ठेवा, कुत्र्याचं ताट जेवण झालं की उचला.

सशाच्या ट्रेमध्ये कागदाच्या गोळ्यांचं लिटर (लघवी शोषून घेणारं भरण) घाला आणि गवत त्याच्या शेजारीच लावा. त्याला खाता खाता शी करायची सवय असते, त्यामुळे तो ट्रे लवकर शिकतो. मांजराचं गुठळी होणारं मातीचं लिटर त्याच्या पोटात गेलं तर फुगून आतडं अडवतं, म्हणून मांजराचा ट्रे सशाला न पोहोचणाऱ्या जागी हवा. दुसरं कारण टॉक्सोप्लाझ्मा, मांजराच्या विष्ठेतून पसरणारा परजीवी, जो सशालाही होतो. कुत्रा सशाच्या लेंड्या खातो, याची फार चिंता करू नका; ससा औषधावर असेल तेवढे दिवस मात्र त्याला दूर ठेवा.

पिसवांचं औषध: हा भाग दोनदा वाचा

कुत्र्या-मांजराच्या मानेवर टाकायच्या पिसवांच्या थेंबांत बऱ्याचदा फिप्रोनिल हे कीटकनाशक असतं. कुत्र्या-मांजराला ते चालतं, सशाला विष आहे: झटके येतात, जीव जातो. ‘थोडंसं’ म्हणूनही टाकू नका. कुत्र्याला टाकलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत ससा त्याला चाटणार नाही, त्याच्या अंथरुणावर बसणार नाही हे पाहा. मी सरळ दोन दिवस वेगळं ठेवते. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला घातक. म्हणजे तीन प्राण्यांच्या घरात एका प्राण्याचं औषध दुसऱ्याच्या जिवावर उठू शकतं. सशासाठी सेलामेक्टिनसारखी औषधं डॉक्टर वजन पाहून देतात.

आणि पिसवा तर सामायिक असतात. मांजराची पिसू सशावर आनंदाने राहते, कोंड्यासारखे दिसणारे शेलेटिएला माइट (कातडीवरचे बारीक किडे) आणि गजकर्ण हेही एकमेकांकडून आणि माणसाकडे जातात. एकाला झालं की सगळ्यांना तपासा.

कुत्र्याला जंतांचं औषध वेळेवर द्या. टीनिया पिसिफॉर्मिस नावाच्या पट्टकृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतात, ती पाल्याबरोबर सशाच्या पोटात गेली की त्याच्या यकृतात आणि पोटाच्या पोकळीत गाठी होतात. कुत्रे जिथे शी करतात तिथला पाला आणू नका. मिक्सोमॅटोसिस आणि रक्तस्रावी रोग या सशांच्या दोन जीवघेण्या रोगांच्या लशी जिथे मिळतात तिथे जरूर द्या. मिक्सोमॅटोसिस डास आणि पिसवांमधून पसरतो, त्यामुळे घरातच राहणारा ससाही सुटत नाही.

झटापट झालीच तर

मांजराने चावा घेतला किंवा बोचकारलं तर जखम दिसत नाही. दाट केसांखाली सुईच्या टोकाएवढं भोक असतं, पण मांजराच्या तोंडातले पाश्चुरेला जिवाणू आत गेलेले असतात. सशाचा पू टूथपेस्टसारखा घट्ट होतो, वाहून जात नाही, आतच गळू धरतो. म्हणून ‘काही लागलेलं नाही’ असं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

नेताना टॉवेलमध्ये गुंडाळा, मागच्या पायांना आधार द्या, कान धरून उचलू नका, पाठीवर उताणा करू नका. अंधाऱ्या खोक्यात मूठभर गवत ठेवा. घरातलं उरलेलं प्रतिजैविक देऊ नका: पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा त्यानेच मरू शकतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही नकोत.

जखम नसेल तरी पुढचे 24 तास त्याचं खाणं आणि ट्रे बघत राहा. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही तर सकाळची वाट पाहायची नाही. ससा ओकू शकत नाही, त्याच्या पोटातलं पुढेच सरकायला हवं.

घडी विस्कटते तेव्हा

एकदा जमलं म्हणजे कायमचं जमलं असं धरू नका. दवाखान्यातून परत आलेल्या सशाला परका वास येतो आणि रोज कुशीत झोपणारं मांजरही फिस्कारतं. जोडीतला दुसरा ससासुद्धा कधी कधी त्याला ओळखत नाही. घर बदललं, घरात नवं बाळ किंवा नवा प्राणी आला, कुत्र्याची नजर म्हातारपणी अधू झाली, तरी तेच. अशा वेळी दोन-तीन दिवस सगळ्यांना वेगळं ठेवा, फडकी बदला, जाळीआडून पुन्हा भेटवा. दुसऱ्यांदा काम लवकर होतं. तांबूच्या दातांची तपासणी झाली तेव्हा मला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी काळू पायपुसण्यावर पसरला होता आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर तांबू गवताची लांब काडी तोंडात आत-आत ओढत बसला होता.